रोटाचे भाऊबंद

१४ जुलै, सोमवार

नाही राहायचं मला इथे. लिहूनच ठेवते.

आबा मला धुळ्यातल्या देवपूरच्या या हॉस्टेलवर सोडून दुपारच्या एसटीने अमळनेरला परत गेले. तिथून आमचं गाव सात किलोमीटर. म्हणजे ते एव्हाना ओट्यावर चहा पीत असतील, आणि मी इथे लोखंडी खाटेवर बसून पंख्याकडे बघतेय. पंखा फिरत नाही. नुसता आवाज करतो.

गेटवर आबांशी करार झाला. "पोळ्यापर्यंत राहून बघ. नाहीच रमलीस तर पोळ्याला बॅग घेऊन घरी ये. मी एक शब्द बोलणार नाही." पोळा २२ ऑगस्टला. मी आधी मोबाइलमध्ये तारीख बघितली, मगच हो म्हटलं!

आजीने तर मला गादीसुद्धा नेऊ दिली नाही. "गादी कसाले? महिनाभरनी गोट शे." आमच्या घरात आजी, म्हणजे झुंबरबाई, बोलल्या की विषय संपतो. बी.एस्सी. हा शब्द ती अजून 'बेशी' असाच म्हणते.

१५ जुलै

खोलीत आम्ही तिघी. सबा पारोळ्याची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. तिची चादर इतकी ताणून घातलेली की बसायची भीती वाटते. कस्तुरा शिरपूरच्याही पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. घरी पावरी बोलते. तिने आल्या आल्या पिशवीतून चारोळ्या काढून आमच्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "रेक्टर मॅडम रात्री किती वाजता झोपतात?"

अशा मुलीपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

१७ जुलै

मेसची भाजी पिवळी, वरण पिवळं, आज ताकही पिवळं. मिरची म्हणून काही असते हे यांना कोणी सांगितलंच नाही!

२१ जुलै

केमिस्ट्रीच्या मॅडम पंचेचाळीस मिनिटं इंग्रजीत बोलल्या. मी सगळं उतरवून घेतलं. नंतर सबाने वही बघितली तर म्हणाली, "हे 'क्लोज द विंडो' पण लिहिलंयस." बारावीला मी आमच्या तालुक्यात तिसरी आले होते. इथे मला खिडकी आणि रसायन यातला फरक कळत नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथे आधीच एक मुलगी रडत होती, म्हणून परत आले.

अजून बत्तीस दिवस.

२४ जुलै

प्रॅक्टिकलला जोड्या पाडल्या. माझ्या जोडीला साक्रीचा भूपेंद्र. उंच, कान मोठे, बोलतो कमी. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडायचा आणि खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. मी थांबलेच नाही. पार रूहअफजा झाला. सर म्हणाले, "प्या आता." सगळा वर्ग हसला. भूपेंद्र हसला नाही. त्याने गुपचूप त्याचं रीडिंग माझ्या वहीत लिहून दिलं.

त्याचं अक्षर बरं आहे. एवढंच. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२९ जुलै, नागपंचमी

कस्तुराने हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर चढून शेजारच्या बंगल्यातले पेरू आणले. मी खाली ओढणी धरून उभी. सबा म्हणाली, "मी चोरीचं खात नाही," आणि मग मिठाची पुडी तिनेच काढली.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या घरी कानबाई बसणार. मला जाता येत नाही. सोमवारी गणिताची पहिली चाचणी. आबा फोनवर म्हणाले, "परीक्षा सोडून नको येऊ." आयुष्यात पहिल्यांदा मी घरी नसताना कानबाई येतेय.

सबाने विचारलं कानबाई म्हणजे काय. देवी आमची, खानदेशात घरोघरी बसते, असं सांगितलं. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याच पिठाचे जाड जाड रोट करायचे, आणि पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. भाऊबंदांखेरीज कोणाला कणभरही द्यायचा नाही. शेजारणीला पुरणपोळी देतील, रोट नाही! मागे एका पाहुण्याने चुकून तुकडा मोडला तर आजीने त्याच्या हातातून काढून घेतला होता. जावई होता तो.

"म्हणजे तुझ्या नावाची मूठ पण मोजतील?" कस्तुराने विचारलं. मोजतील म्हटलं, आणि मला एकदम रडूच आलं. मग कस्तुराने मला आत्तापर्यंत गणितं घालून छळलं.

५ ऑगस्ट

डबा आला!! आमच्या गल्लीतले नथ्थूभाऊ एसटीत कंडक्टर आहेत, त्यांनी बसस्टँडवर हातात दिला. ॲल्युमिनियमचा, जड, वर फडकं बांधलेलं. आत पाच रोट. फोनवर आईचा दम, आजीला कळलं तर ती मला घरीच नेईल असा – "पुनीमना पहिले बठ्ठा खाई ले. परकाले एक घास देवाना नही. आजीले समजी ना, ते घर लई येई तुले!"

पुनव शनिवारी. चार दिवसांत पाच रोट, एकेक माझ्या पंज्याहून मोठा नि दोन बोटं जाड. मी दार लावून खायला बसले. अर्धा संपता संपता घशात बसला.

मग बघितलं तर दोघी आपापल्या खाटेवर पुस्तक उघडून बसलेल्या. मेसमध्ये आज पुन्हा पिवळं होतं, दोघी न जेवता आलेल्या. सबाचं पुस्तक उलटं होतं.

"भाऊबंदच खाऊ शकतात," मी म्हटलं.

"मग कर ना आम्हाला भाऊबंद," कस्तुरा म्हणाली. "त्याला कुठे फॉर्म भरावा लागतो?"

मी विचार केला. खरंच सांगते, फार नाही केला. शास्त्र मीच ठरवलं – जी रोट खाईल ती आजपासून माझी भाऊबंद, जन्मभर. दोघींनी हात धुतले. सबाने बिस्मिल्ला म्हटलं, कस्तुराने कपाळाला लावला, आणि चार रोट दुधात बुडवून फडशा! एकट्या सबाने दोन खाल्ले. चादरीवर चुरा सांडला तरी बोलली नाही.

इथे आल्यापासून आज पहिल्यांदा पोट भरलं. पण आजीला कळलं तर मेले.

६ ऑगस्ट

कस्तुराचा गळा दाबावासा वाटतो. उरलेला अर्धा रोट तिने कागदात गुंडाळून लॅबमध्ये आणला, आणि मी उपकरणं आणायला गेले तेवढ्यात भूपेंद्रला दिला. मी परत येईपर्यंत त्याने खाऊन बोटंसुद्धा चाटली होती. मग कस्तुरा बाईसाहेबांनी त्याला नियम सांगितला.

"म्हणजे मी हिचा...?" भूपेंद्र म्हणाला.

"भाऊ," कस्तुरा म्हणाली. "अभिनंदन."

त्याचे कान लाल झाले. माझं पाणी पुन्हा रूहअफजा झालं.

८ ऑगस्ट

उद्या राखीपौर्णिमा, सुट्टी. म्हणून मी भूपेंद्रला आजच राखी बांधायची, असं कस्तुराने जाहीर केलं. मोठी गोंड्याची राखी आणली होती, मधे लाल दिवा लागणारी! मी पोटात कळ आली म्हणून हॉस्टेलवरच राहिले. संध्याकाळी सबा येऊन म्हणाली, "तोही आला नव्हता. सायकल पंक्चर म्हणे."

साक्रीचा मुलगा इथे खोली घेऊन राहतो, कॉलेजच्या गेटसमोर. त्याला सायकल कशाला लागते?

१२ ऑगस्ट

भाऊबंदकी सुरू झाली आहे. कस्तुरा माझी चप्पल विचारल्याशिवाय घालून जाते – "एका रक्ताचे आपण." सबा माझं फिजिक्सचं जर्नल तपासते आणि चुका सापडल्या की बहिणीसारखी बोलते, म्हणजे वाईट. मी दोघींना अहिराणी शिकवते. सबाला पहिलंच वाक्य हवं होतं ते – 'माले भूक लागनी.' आता मेसच्या मावशींना रोज तेच ऐकवते.

चाचणीचे मार्क लागले. वीसपैकी सोळा. कस्तुराला वीस.

१४ ऑगस्ट

आज पाणी बरोबर फिकट गुलाबी झालं. एका थेंबावर थांबले! सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. भूपेंद्र हळूच म्हणाला, "छान." मी म्हटलं, "थँक्यू, भाऊ." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला मजा आली आणि नंतर बराच वेळ वाईटही वाटत राहिलं.

किती दिवस उरले ते मोजायचं विसरूनच गेले होते. आत्ता मोजले. आठ. मला जायचं नाही. मला इथेच राहायचंय, पंख्यासकट. आबांना तसं सांगून टाकेन, ते ऐकतील. आजीला फक्त रोटाचं कळता कामा नये. तिला तेवढं निमित्त पुरेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

कळलं.

आजी डोळे दाखवायला आबांबरोबर धुळ्याला आली आणि न सांगता खोलीत हजर! आबा खाली गेटवर, पुरुषांना वर सोडत नाहीत. दोघींनी वाकून नमस्कार केला. सबाने चोरून ठेवलेल्या किटलीत चहा केला. आजी खाटेवर हात फिरवून म्हणाली, "पोरी चांगल्या शेतस." मी मनात नारळ फोडला.

आणि सबा, माझी गुणाची सबा, आजीला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "आजी, रोट काय भारी होते! मी तर दोन खाल्ले."

आजीने कप खाली ठेवला. "कोनता रोट?"

सबा जीभ चावून माझ्याकडे बघायला लागली.

"कानबाईना? कितला जनस्नी खाधा?"

आता कस्तुरा मदतीला धावली. धावायला नको होतं. "जास्त नाही आजी. आम्ही दोघी आणि भूपेंद्र."

"भूपेंद्र कोन शे?"

"भाऊ!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली. "भाऊ आहे तो, आजी! भाऊच!"

आजी उठली. जिना उतरताना माझा हातसुद्धा धरला नाही. गेटवर आबांना एवढंच म्हणाली – "पोळाले इले घर लई या. बस झायी बेशी." आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. चूक माझीच होती.

१९ ऑगस्ट

सबा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलायला तोंड नाही म्हणते. मी तिला म्हटलं, वेडे, रोट मी वाढले होते. मग दोघी रडलो. कस्तुरा रडत नाही. ती म्हणाली, "तुझ्या आजीच्या पाया पडायला मी गावाला येते. पाहिजे तर तुमचं आख्खं कपाशीचं वावर निंदून देते."

आबांना फोन केला, राहायचंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलतो." त्यांच्या आवाजावरून कळलं की बोलून झालंय आणि हरलेत.

२१ ऑगस्ट

बॅग भरली. उद्या अकराच्या गाडीने आबा येणार.

प्रॅक्टिकलला गेले, शेवटचं म्हणून. भूपेंद्रला सांगितलं. तो बराच वेळ ब्युरेट पुसत राहिला. मग म्हणाला, "तो तुकडा मी खायला नको होता." मला वाटलं घरच्या गोंधळाबद्दल म्हणतोय. पण तो पुढे म्हणाला, "दोन्ही कारणांनी."

दुसरं कारण विचारायचं धाडस झालं नाही. उद्या जायचंच आहे तर विचारून काय करू?

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळी आईचा फोन. आजीने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं, तेव्हा काल आईने कबूल केलं. डब्यातला रोट कानबाईचा नव्हताच! "देवीना रोट गावनी शीवबाहेर धाडसू का मी? साधा रोट व्हता तो. तुना वाटा मीच खाधा." मग मला दम कशाला दिलास? तर हसायला लागली. "बठ्ठा डबा तू एकलीच खाई टाकती ना, ते मीच तुले लेवाले येती." म्हणजे एकटीने खाल्ला असता तर इथे मला कोणी नाही असं समजून तीच मला घेऊन गेली असती.

आबा येत नाहीत. आजी आता माझ्यावर नाही, आईवर रुसली आहे. बॅग उघडली.

सबाला नि कस्तुराला यातलं अवाक्षर सांगणार नाही. त्या भाऊबंदच राहतील, जन्मभर.

भूपेंद्रला मात्र आजच सांगते.