भाव पडला, सोफे वाढले

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे कागदावरच. भावना खरी समज.) आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझं बीपी कसं आहे? वहिनीचा खांदा? माडीवरच्या खोलीत अजून ओल येते का? (हे सहज विचारलं. अगदीच सहज नाही, पण ते पुढे.)

परवा फोनवर मी म्हटलं की आम्ही कायमचे परत यायचं म्हणतोय, आणि तू म्हणालास, "घाई करू नकोस." दादा, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. इतकी वर्षं दर सुट्टीत निघताना तूच माझी बॅग धरून म्हणायचास, पुरे झालं आता, ये परत. वहिनी डोळे पुसायची. आत्या तर माझा पासपोर्ट लपवून ठेवायच्या गोष्टी करायची. आणि मी खरंच येतो म्हटल्यावर घाई करू नकोस! पाहुण्याला तोंडदेखलं "जेवून जा" म्हणावं आणि त्यानं लगेच हात धुवायला उठावं, तसं तुझं झालं. मला एवढंच कळायला हवंय की मी घरी हवाय, की नुसते माझे पैसे येत राहिलेले बरे? वाचून राग आला तर येऊ दे. मलाही आलाय. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आणि घाई म्हणशील तर घाईचा प्रश्नच उरलेला नाही. तुला इथल्या चलनाच्या भावाचं सांगायला नकोच. फोन उचलला की तू "कसा आहेस" विचारायच्या आधी "आज काय भाव?" विचारतोस, आणि मीही भाव चांगला असला की "मी मजेत" म्हणतो. इथलं चलन घसरलं त्या दिवशी तू मला ज्या आवाजात धीर दिलास, तसा तर आपले काका गेले तेव्हाही दिला नव्हतास. पण त्यानंतर ते घसरतच राहिलं हे मी तुला सांगितलं नाही. पगार तोच, काम दुप्पट, आणि घरी पाठवायला गेलो की आपल्या चलनात त्याचं जे होतं ते बघून खिडकीवरच्या बाईला माझी कीव येते. आमचे स्टोअरकीपर (आम्ही त्यांना भविष्यवाले म्हणतो) रोज सकाळी ग्रीस लागलेल्या बोटानं मोबाइलवर आलेख दाखवायचे आणि म्हणायचे, थांबा, आत्ता पाठवू नका, आता वर जाणार. मी थांबलो. माझं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, वर-खाली होणाऱ्या वस्तूचा मला राग नाही. पण लिफ्टला निदान ब्रेक असतो रे! तुझ्या छपराचे पैसे उशिरा आले ते या भविष्यवाल्यांमुळे. त्यांनी स्वतः काय केलं म्हणशील, तर बायकोचं ऐकून दर महिन्याला गुपचूप पाठवत राहिले.

इकडे घरमालकीण काही थांबली नाही. तिनं भाडं वाढवलं, मग पाण्याचं वेगळं लावलं, मग जिन्यातल्या दिव्याचं वेगळं लावलं. (तो दिवा लागत नाही. मी तक्रार केली तर म्हणाली, तुम्ही मेकॅनिक ना, बघा की जरा. मी बघितला. त्याचं भाडं मीच भरतो.) शेवटी आम्ही हॉलच्या मध्ये प्लायवूड ठोकलं आणि अर्धा हॉल एका न्हाव्याला भाड्यानं दिला. माणूस सज्जन आहे, पण पहाटे उठून गाण्याचा रियाज करतो, आणि प्लायवूडला कान असण्याची गरज नसते, ते नुसतंच तोंड असतं. तुझी सून, म्हणजे माझी बायको (तिला तू सूनच म्हणतोस म्हणून), दुकानात टोमॅटो हातात घेते, उलटसुलट करते आणि जागेवर ठेवते. भाव आपल्या चलनात करून बघायची आमची जुनी खोड. पूर्वी असं केलं की महाग वाटायचं म्हणून घ्यायचो नाही. आता स्वस्त वाटतं, पण घ्यायला पैसे नसतात. सांग, कोणत्या चलनात रडू?

आता सोफ्यांचं सांगतो, कारण ते तुला कधीतरी कळणारच. भाव पडल्यावर आमच्या इमारतीतली आपल्याकडची कुटुंबं एकेक करून परत निघाली. जाणारा माणूस सामान काढतो आणि राहणाऱ्याच्या दारात येतो. ही इथली पद्धतच आहे. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचा शिंपी गेला. त्याचा सोफा इतक्या स्वस्तात मिळाला की नाही म्हणणं पाप वाटलं. भविष्यवाले म्हणाले, घ्या, पैसा पडतो, वस्तू पडत नाही. मग नर्सबाई गेल्या, त्यांचा फ्रिज आणि सोफा घेतला. मग समोरचे अकाउंटंट गेले. त्यांचा सोफा कोपऱ्याचा होता, आमच्याकडे रिकामा कोपरा नव्हता, तरी घेतला, कारण ते रडत होते. अरे, मनात हिशेब असा होता की आपण निघू तेव्हा हे सगळं चांगल्या किमतीला विकू. कुणाला विकू, हा प्रश्न मला पडलाच नाही. इमारतीत आपलं माणूस म्हणून आता मीच उरलोय. मुलगी अभ्यासाला एका सोफ्यावरून दुसऱ्यावर चढून जाते. दोन फ्रिज आहेत. एकात भाजी नाही, दुसऱ्यात माझे बूट आहेत. न्हाव्याला एक सोफा फुकट देऊ केला तर म्हणतो, ठेवू कुठे, जागा तुम्हीच अर्धी दिलीत.

आणि दादा, ते अकाउंटंट परवा फोनवर म्हणाले की घरी गेल्यावर त्यांना सगळ्यांनी विचारलं, परत कधी जाणार? आल्याच्या दिवशी. बूट काढायच्या आत. मी हसलो त्यांना. फोन ठेवला आणि मग हसू येईना. बाकी काम नेहमीचंच. काल एका ऑफिसातल्या लिफ्टमध्ये मीच अडकलो, आणि बाहेरून साहेब ओरडत होते की मेकॅनिकला बोलवा. बराच वेळ आत बसून तुझ्या वाक्याचा विचार केला. कुठल्याही बाजूनं धरलं तरी ते टोचतंच. आत्याला नमस्कार, वहिनीलाही, मुलांना आशीर्वाद, आणि तुला आशीर्वाद देता येत नाही म्हणून पुन्हा नमस्कारच.

तुझा धाकटा

ता. क. माडीवरची खोली माझ्या पैशानं बांधली, हा विषय मी कधीही काढणार नाही. (काढला, पण ता. क. मध्ये.) तिथे तुझी शिकवणी चालते हे मला माहीत आहे. मुलं संध्याकाळीच येतात ना? तेवढा वेळ आम्ही स्वयंपाकघरात बसू. बोलणारही नाही.

ता. क. दुसरा. नोकरीचा राजीनामा दिला आहे. फोनवर "म्हणतोय" म्हटलं ते खोटं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला आधी सांगावंसं वाटलं आणि तू घाई करू नकोस म्हणालास, मग तोंडच उघडेना.

ता. क. तिसरा, त्यांच्या नकळत, कारण पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. भाऊजी, नमस्कार. राजीनाम्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं, साहेबांच्या बायकोनं सांगितलं. जाऊबाईंचं आणि माझं केव्हाच ठरलंय. तुमची शिकवणी सोमवारपासून पुढच्या खोलीत, मुलीच्या शाळेचं झालंय, आणि माडीवर गाद्याही आल्या आहेत. जिन्यावरून काही चढवताना दिसलं असेल तर ते हेच. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही येणारच आहोत. पण हे तुमच्या एका शब्दासाठी अडून बसलेत, जेवतही नाहीत धड. एकदा फोन करून "ये" म्हणा. आम्ही दोघींनी सगळं केलं, तेवढं एक आम्हाला करता येत नाही.