मागे तोंड केलेला कॅमेरा

माय, तुझी नात काल बंगळुरूला गेली. नोकरी लागली तिला. तू तिला कधी पाहिलं नाहीस, तीही तुला फोटोतच ओळखते. पण ती गेली तेव्हापासून मी तुझ्याशीच भांडून राहिली आहे. तिचे बाबा दुकानात गेलेत, आमगावचं हे घर खायला उठलंय, अन् माझ्या डोक्यात ते मेलं रॉकेट फिरतंय.

मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी चिन्नोर तांदूळ निवडत बसली होती. "तिकडं तांदूळ भेटत नाही का," म्हणून ती आधी कुरकुरली, अन् मग पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून म्हणते, "आई, पाह्य. एवढं वजनदार रॉकेट, आताच सोडून राहिले." तीन रॉकेटं एकमेकांना बांधावी तसं दिसत होतं ते. उलटे आकडे मोजले, धूर झाला, अन् एकदम चित्र बदललं. आता कॅमेरा रॉकेटच्याच अंगाला बसवलेला, तोंड खाली. जिथून सुटलं ती जागा, तिथले रस्ते, समुद्राचा काठ, सगळं लहान लहान होत चाललं. मी म्हटलं, "अगं बाई, एवढं मोठं रॉकेट, अन् पाहून कुठं राहिलं, तर मागे?" ती हसली. "पुढे कायले लावाचा आई कॅमेरा? पुढे तं काळंच आहे. मागचं दिसलं तं कळते ना, काय सुटलं, काय अडकलं." तेवढ्यात बाजूची दोन रॉकेटं सुटली अन् कोलांट्या खात खाली गेली. तिने टाळ्या वाजवल्या. मी सुपात डोकं घातलं.

कारण मला तू आठवलीस. नव्याण्णव सालचा उन्हाळा, केशोरीचं आपलं स्वयंपाकघर, दारात मला सासरी नेणारी जीप. तू माझ्या केसांना चापून तेल लावतेस अन् बजावतेस, "जीपमंदी बसली का मांगं पाहाचं नाही. मांगं पाहनारीचं मन सासरी लागत नाही. पाह्यलं तं तंगडं मोडीन." मी विचारते, "काऊन? एकडाव पाह्यलं तं काय होते?" तू वेणी अशी ओढतेस की डोळ्यांत पाणी येतं. मी तुझी गुणाची पोर. मान ताठ करून बसली, ड्रायव्हरच्या आरशातही पाहिलं नाही. मग सासूबाई आजारी पडल्या, लग्नानंतरचं माहेरी येणं राहूनच गेलं. आखाडीच्या सणाला माहेरून मला न्यायला येणार होते. त्याआधीच, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, तुझा ताप डोक्यात गेला. चिखल तुडवत मी केशोरीला पोचेपर्यंत तुला नेलंही होतं. हे मी तुला माफ केलेलं नाही, माय. मरणं तुझ्या हाती नव्हतं, पण ते एकदा पाहू देणं तर होतं? मी निघाली तेव्हा तू दारात होतीस की अंगणाच्या कवाडाशी, रडत होतीस की बायांना चहा देत होतीस, माझ्याजवळ काहीच नाही.

म्हणून काल गोंदिया स्टेशनवर मी ठरवूनच गेली होती. लेकीला म्हटलं, "पोटभर मागे पाह्य. मी इथंच उभी आहे, हलत नाही." गाडी सुटली. ती दारात, एका हाताने दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल, आमच्याकडे रोखलेला. हसत होती. अन् माझं तोंड असं वेडंवाकडं व्हायला लागलं, की आवरेचना. ते तोंड डोळ्यांपुढे घेऊन पोरीने बंगळुरूपर्यंत जायचं? मी वळली. पाण्याच्या नळाकडे तोंड केलं अन् गाडी जाईस्तोवर तशीच उभी राहिली. तिचे बाबा हात हलवत होते.

संध्याकाळी तिने तो व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आई, तू पाठ काऊन केली?' फलाट लहान होत जातो, बाबांचा हात हलतो, अन् नळापाशी एक बाई पाठमोरी उभी, पदर तोंडाशी नेलेला, खांदे वर चढलेले. ती मीच, हे ठाऊक असून मला तूच दिसलीस. तेच खांदे. अशीच उभी होतीस का गं, माय? म्हणून पाहू दिलं नाहीस? की खरंच बायांना चहा देत होतीस? सांगणारं आता कोणी उरलं नाही.

हे पत्र जायचं तरी कुठं? घडी करून ठेवून देईन. लेकीला मी कळवलं, नेट नाही, व्हिडिओ उघडत नाही. खोटं आहे. सकाळपासून तोच लावून बसली आहे, अन् दर वेळी वाटतं, आता तू वळशील.