सगळ्यांच्या गुडघ्यांना एकच पंचा

बाई, तुमचा पंचा मी बंद केला. गिरीजच्या त्याच मैदानावर आता तुमच्या माघारी मुलींना कबड्डी मी शिकवते, तेव्हा तुम्हाला सांगायला हवंच. कुणाचा गुडघा फुटला की तुम्ही शेजारच्या वाडीतलं केळीचं पान तोडायचात, देठ पिळून चीक जखमेवर सोडायचात आणि कमरेला बांधलेला पंचा सोडून रक्त पुसायचात. "काय नाय होत गं, चल, चढाईला जा!" मग तोच पंचा पुढच्या मुलीच्या फुटक्या ओठाला. चिकाचे डाग आमच्या कपड्यांवरून कधी गेले नाहीत आणि आम्ही ते मिरवायचो. खोट तुमच्या मायेत नव्हतीच, त्या पंच्यात होती. आम्हाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

यंदा तुळिंजची एक मुलगी संघात आली. चढाईला गेली की समोरच्यांची पळता भुई थोडी. तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला जन्मापासून हेपॅटायटिस बी आहे, रक्तातून पसरणारी कावीळ. मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, खुशाल खेळू दे, बाकीच्या मुलींना लस द्या, जखमा झाका, आणि रक्त कुणाचंही असो, काळजी सारखीच घ्या. तेव्हापासून रक्त दिसलं की मुलगी बाहेर, मी ग्लोव्ह्ज घालते, पट्टी करते, टी-शर्ट बदलायला लावते, मगच आत. तरी कुठून तरी कुणकुण लागलीच. एक आई तणतणत आली, "मॅडम, ती खेळणार असेल तर आमची नाय खेळणार हां!" मी म्हटलं, "तुमचीची लस झालीय ना? मग पाठवा. आणि कुणाच्या दुखण्याची चर्चा माझ्या मैदानावर नको." थोडा रुसवाफुगवा झाला, पण मुलगी आली.

परवाच्या सामन्यात नेमकं तिचंच कोपर फुटलं. मी ग्लोव्ह्ज चढवले तशी ती माझ्या हातांकडे बघायला लागली.

"मॅडम, माझ्यासाठी घातले?"

"कॅप्टनचा गुडघा फुटला तेव्हा नव्हते का घातले? गप बस, हात सरळ कर."

ती हसली. मी पट्टी घट्ट बांधली, चटईवरचं रक्त ब्लीचने पुसून घेतलं आणि तिला आत पाठवलं. शेवटच्या चढाईत तिनेच सामना काढला.

हे सगळं मी बरोबर केलं, बाई. तुम्ही असता तर तुमच्याशी भांडून केलं असतं. पण हा कागद माझ्या पिशवीतच राहणार, म्हणून एवढं लिहिते. जिंकल्यावर ती घामाने निथळत धावत आली, माझ्या गळ्यात पडायला. घामाने ही लागण होत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. मी तिला घट्ट धरलंही. पण त्याआधी माझी नजर तिच्या पट्टीवर गेली.

तुमची गेली नसती.