राहीची हळद

पावस,
ता. ७ जानेवारी १९८७

चि. राही हिस गोदूताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत, असं आधी लिहून टाकते; खरं ते पुढे येईलच. यंदा कलमांना मोहोर दाट आलाय. मागोमाग मोहोर जाळणारा तुडतुडाही आलाय, म्हणून तुझ्या भावोजींची फवारणी जोरात. तुझी प्रयोगशाळा काय म्हणते? उंदीर बरे आहेत ना?

दिवाळीत तू येऊन गेलीस तेव्हापासून आमच्या घरात तुझंच राज्य आहे. फवारणीचं विष मेंदूला चढू नये म्हणून मी इतकी वर्षं यांना हळदीचं पाणी देत होते. ते पेला घेऊन मागीलदारी जायचे आणि अळवात ओतायचे. तू म्हणालीस, "भावोजी, नुसती हळद अंगाला लागत नाही, आली तशी निघून जाते. तुपात परतून, मिरपूड घालून घ्या." झालं! आता आंघोळ करून पाटावर बसतात आणि हाक मारतात, "राहीची हळद आण गो!" हळद मी कुटलेली, तूप मी कढवलेलं, मिरी आपल्या परड्यातल्या वेलीची. आणि हळद राहीची! तुझं पत्र आलं की केस विंचरून वाचायला बसतात. मी जळते, राही. लपवून काय करू? बाबांनी मला शाळेतून काढून तुला कॉलेजात घातलं, तेव्हाही इतकी जळले नव्हते.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

यंदा त्यांनी तोंडावर पंचा बांधणं सोडलंय. पिंपातलं विष काठीने ढवळायचं, तर कोपरापर्यंत हात घालून ढवळतात. आमचा गडी बाबल्या ओरडला, तर त्यालाच म्हणाले, "अरे, माझी मेव्हणी एवढी शिकलेली. तिनं उपाय सांगितलान, आता मला काय होत नाय." हे सगळं उंदरांवर पाहिलंय, माणसांचं अजून ठाऊक नाही, असंही तू म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. त्यांनी तूप-मिरीच्या पुढचं काही ऐकलंच नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

गेल्या आठवड्यात ते बागेतच कोसळले. तोंडातून लाळ गळत होती. बाबल्याने उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि फवारणी कायमची बंद करायला सांगितलं. घरी आले, ओटीवर टेकले आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

घटकाभराने ओळखलं. ओळखल्यावर पहिलं काय मागितलं सांगू? राहीची हळद. तीही दुप्पट. संक्रांत झाली की पुन्हा फवारणीचा पंप बाहेर काढणार आहेत.

तू ये. पत्राने भागणार नाही, पत्रातलं ते हवं तेवढंच वाचतात. समोर बसून सांग, की हळदीच्या भरवशावर विषात हात घालायचा नाही, फवारणी बंद. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुझं ऐकतील. हे मला स्वतःच्या हाताने लिहावं लागतंय, याचा केवढा राग येतोय म्हणून सांगू!

तुझ्यामुळे वाचले, तर जन्मभर तुझेच गोडवे गातील आणि मी चुलीपाशी बसून ऐकेन. ऐकेन मी. त्यांनी मला ओळखलं नाही तरी चालेल, पण ते गोडवे गायला असू देत.

संक्रांतीच्या आत ये.

तुझ्यावर जळणारी आणि तुझीच वाट पाहणारी,
गोदूताई