टिटवीच्या शेजारी

५ एप्रिल, रविवार
आज चाकाखाली घेतलीच असती! उतारावर मी सगळ्यांच्या मागे, नेहमीसारखी. ब्रेक दाबत, दगड चुकवत उतरत होते आणि एकदम समोर टिटवी. एक पंख लोंबकळलेला, फरपटत बाजूला निघालेली. जखमी वाटली. सायकल तिथेच टाकून मागे गेले, तर थोडं पुढे जाऊन उडाली की! ठणठणीत.

मग एवढं नाटक कशाला?

परत आले तर पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चार अंडी. घरट्याला काडी नाही, पान नाही. खडीत नुसता खळगा. अंडीही खडीसारखीच, मातकट, काळे डाग. मला वेडं बनवून अंड्यांपासून लांब नेत होती ती!

खालून निकेश ओरडला, "वहिनी, पडल्या काय?" आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांचा म्होरक्या तो. वर आला, पाहिलं. "हे काय जागा झाली अंडे घालाची? भर रस्त्यावर!"

घरी गजेंद्रला सांगितलं. प्लायवूडच्या दुकानात बसणारा माणूस. म्हणाला, "टिटवी वरडली का वाईट बातमी येते, असं माही माय म्हणे." आणि पेपरात डोकं घातलं.

७ एप्रिल, मंगळवार
राहवलं नाही. एकटीच गेले. आमची वाट रूपरावांच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर चढते. रूपरावांनी विचारलं, "आज काऊन आल्या, ताई? आज रविवार थोडीच हाय?" अंड्यांचं सांगितलं तर खूश. "उंचावर घातले? मंग यंदा पाणी चांगला." खरंच असतं का तसं? "लोक म्हणते बा. मी काई पाहून नाई ठेवलं."

लांब पळसाखाली बसून राहिले. दोघं आहेत, नर-मादी. एक बसलेली, दुसरी नाल्याकडून आली. पोट ओलं! एवढ्या उन्हात ओलं? पहिली उठली, ही बसली, पिसं फुगवून पोट अंड्यांवर घासत. मग पहिली गेली नाल्याकडे.

म्हणजे ऊब द्यायची नाहीये त्यांना. गार करताहेत! अडतीस वर्षांची झाले, हे कधी कोणी सांगितलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
वाजलं निकेशशी. एकोणीसला मोठी राइड आहे. नागपूर, हिंगणघाटहून चाळीसेक जण येणार.

"वहिनी, चार अंड्यांसाठी रस्ता बदलवू काय? सगळ्यात भारी उतार तोच हाय!"

"एक जरी घसरला तर?"

कॉलेजातली काजल माझ्या बाजूनं. शेवटी मीच तोडगा काढला. अंड्यांच्या अलीकडे वळायचं, खडकावरून जायचं, पुढे परत वाटेला लागायचं. आणि तिथे मी उभी राहणार, जातीनं.

निकेश म्हणाला, "खडकावरूनच पण. गवतातून नवी वाट पाडाची नाई. पावसाळ्यात तिथूनच माती वाहून जाते." हे मात्र त्याचं बरोबर.

१२ एप्रिल, रविवार
सगळे उतरून, सायकली हातात धरून, खडकावरून गेले. निकेशसुद्धा!! चारही आहेत.

१९ एप्रिल, रविवार
पाय गेलेत, घसा बसलाय, पण काय दिवस होता! सकाळपासून तिथेच उभी. नारिंगी ओढणी झेंड्यासारखी हातात. "डावीकडे! खडकावरून! हळू!" नागपूरचा एक जण घसरत सरळ आला, मी अशी किंचाळले की त्याची सायकल एकीकडे, तो एकीकडे. अंड्यांपर्यंत मात्र नाही पोचला.

टिटव्या सारख्या डोक्यावर. केवढ्या ओरडत होत्या! मी म्हटलं, "बाई, भिऊ नको, मी आहे ना."

ऊन चढलं, दगडांना हात लावता येईना. शेवटचा गेला तेव्हाच हलले. एकही चाक तिकडे वळलं नाही. खाली निकेशनं माइकवर माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि गजेंद्र चक्क दुकान सोडून आलेला, ताकाची बाटली घेऊन! "तुह्यामुळे वाचले बा ते अंडे."

लग्नानंतर मी असं काही एकटीनं केल्याचं आठवत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार
बसलीय. चार आठवडे लागतात म्हणे. पिल्लं निघाल्या निघाल्या चालतात! बघायला मिळतील?

५ मे, मंगळवार
अजून नाही.

९ मे, शनिवार
टिटवी नाही. अंडी आहेत. चारही. एकाला तडा, मुंग्या लागलेल्या, वास.

चाक लागलं नाही. कोणी खाल्ली नाहीत. मग काय झालं?

११ मे, सोमवार
काजलनं त्या दिवशी फोन एका दगडावर टेकवून सगळी राइड टिपली होती. आज तिच्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला. मला वाटलं, कोणीतरी लाथ मारलेली दिसेल.

सायकली येतात, जातात. टिटव्या वर उडतात. मधे वाट रिकामी होते तेव्हा दोघी खाली उतरतात, तुरुतुरु अंड्यांकडे येतात. आणि थांबतात. समोर मी. नारिंगी ओढणी घेऊन. परत उडतात. परत येतात. एकीचं पोट ओलं दिसतंय. परत थांबतात.

सायकलींना नव्हत्या भ्यायल्या इतक्या. पूर्ण सकाळ एकदाही बसू शकल्या नाहीत. अंडी उघडी, भर उन्हात. शेजारी मी, पाणी पितेय.

गजेंद्रला दाखवलं. त्यानं परत एकदा लावून पाहिलं. मग, "तुले काय माहीत होतं?"

माहीत होतं ना! पळसाखाली बसून मीच तर पाहिलं होतं.

निकेशला फोन केला. वाटलं, म्हणेल — बघा, उगाच माझ्याशी भांडल्या. तो म्हणाला, "वहिनी, तो उतार मीच सोडाले पायजे होता. एका राइडनं काय बिघडलं असतं माहं?" पावसाळा संपेपर्यंत आता त्या वाटेनं कोणीच जायचं नाही, असं ठरवलंय त्यानं. बरं वाटलं. तरी झोप नाही.

२४ मे, रविवार
लांबूनच दिसल्या. दोघी. नवीन खळगा, एक अंडं. सायकल तिथूनच वळवली.

काजलला सांगितलं नाही. निकेशला नाही. कुठे, ते इथेही लिहीत नाही.