दर ओळीला एक टाका कमी

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. माझी काळजी करू नकोस.

तुला हवं होतं तसं रंगीबेरंगी क्रोशाचं जाकीट करायला घेतलंय. जांभळा, केशरी, पोपटी, सगळं भांडण एकाच अंगावर. पण माझा जन्म गेला दोन सुयांवर. तिथे ओळ संपली की नुसतं उलटायचं. क्रोशात उलटताना आधी साखळी घालावी लागते, हे मला कुठलं ठाऊक? दर ओळीला एकेक टाका गळत गेला आणि पाठ वर निमुळती होत गेली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई बघून म्हणाल्या, "आई आहे की बाहुली?" रविवारी सगळं उसवणारच होते.

तुला आता घास गिळता येतो का? डॉक्टर नक्की काय म्हणाले? दादाला विचारलं की तो "ठीक आहे" म्हणतो आणि फोन वहिनीकडे देतो. रजेचा अर्ज मी दोनदा दिला, दोन्ही वेळा परत आला.

काल वहिनीनं तुझा फोटो पाठवला. मी बराच वेळ तुझे खांदे बघत बसले. मग ती अरुंद पाठ मांडीवर पसरून पाहिली.

आता उसवत नाही, आई. बसेल तुला. फक्त मी येईपर्यंत याहून बारीक होऊ नकोस. याहून लहान मला विणता येत नाही.

तुझीच,
वेंधळी