मोबदला मागायच्या आदल्या दिवशी

आई,

उद्या बॉस्टनला सुनावणी आहे. लायब्ररीतून पुस्तक वाचायला गेलं की त्याच्या लेखकाला सरकारने थोडा मोबदला द्यावा, असं विधेयक आपल्या राज्यात आलं आहे. वाचणाऱ्याला काही द्यावं लागणार नाही. पैसे राज्याच्या तिजोरीतून यायचे. काही देशांत असा कायदा आहे, इथे नाही. लेखकांच्या बाजूने बोलायला मला बोलावलं आणि मी हो म्हटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुला न विचारता केलं असं सकाळपासून वाटतंय.

आपल्या गावातल्या, श्रूजबरीच्या लायब्ररीतलं तुझं काउंटर आठवतं. शाळा सुटली की मी तिथेच गृहपाठ करत बसायची. नागपूरहून नव्याने आलेल्या एक काकू मुलीसाठी चित्रांची पुस्तकं घेऊन तुझ्यासमोर उभ्या आहेत आणि पर्स उघडून विचारतायत, "डिपॉझिट किती?" तू म्हणतेस, "पर्स आत ठेवा. इथे कोणी पैसे मागत नाही." "आणि महिन्याची वर्गणी?" "तीही नाही. आणखी न्या." लहानपणी वर्गणी थकली म्हणून तू वाचनालयाच्या दारातून परत आली होतीस. त्यामुळे असेल, पण हे सांगताना तुझी मान जरा ताठ व्हायची.

माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तू ते विकत घेतलं नाहीस. लायब्ररीला घ्यायला लावलंस, आणि मग ओळखीच्या सगळ्या काकूंना आळीपाळीने न्यायला लावलंस, कारण फार दिवस कोणी हात न लावलेलं पुस्तक कपाटातून काढून टाकतात हे तुला ठाऊक होतं. पोळ्या लाटता लाटता तू फोन खांद्याशी धरून बोलतेयस, आणि पलीकडून त्याच नागपूरच्या काकूंचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येतोय: "अहो वहिनी, तिसऱ्यांदा नेतेय. आता शेवट पाठ झालाय माझा."

"मग मधलं पाठ करा," तू म्हणालीस.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "एकीला तरी विकत घ्यायला सांग ना. लायब्ररीतून कितीही जणींनी नेलं तरी मला काही मिळत नाही."

"तुला वाचणारे हवेत की गिऱ्हाइकं?"

"दोन्ही."

"मग वाचणाऱ्यांची सोय मी केलीय. गिऱ्हाइकांचं तुझं तू बघ."

माझ्याच्याने ते काही फार जमलं नाही. पुढे मी नोकरी करत होते तो पेपर बंद पडला, पगार थांबला. माझी पुस्तकं दुकानांतून केव्हाच नाहीशी झाली. आता ती फक्त लायब्ऱ्यांमध्ये आहेत, आणि लोक अजून नेतात. हे सगळं मी तुझ्या हाताखाली शिकलेल्या बाईंना सांगितलं. आपली लायब्ररी आता त्या चालवतात आणि उद्या विधेयकाच्या विरोधात बोलणार आहेत. "सुरुवातीला राज्य पैसे देईल," त्या म्हणाल्या. "मग बजेट आवळलं की आमच्या पुस्तकखरेदीतून कापतील. तुझी आई माझ्या शेजारी बसली असती, यू नो दॅट." मी म्हटलं, लायब्ररीच्या पैशाला हात लावायचा नाही, असं कलम असावं हे मी तिथे ठासून सांगणार आहे. "कलमं बदलतात," त्या शांतपणे म्हणाल्या. तरी मी जाणार आहे.

बोलायला थोडीच मिनिटं मिळतील. भाषणाची सुरुवात मी तुझ्यापासून केली होती: माझी आई याच राज्यातल्या एका लायब्ररीत काम करायची. वाक्य चांगलं होतं, ऐकणारे विरघळले असते. आज दुपारी ते काढून टाकलं. तुला हे पटलं असतं की नाही मला माहीत नाही, आणि तुला तिथे उठून 'नाही' म्हणता येणार नाही. त्या जागी आता तरुण लेखकांबद्दल एक परिच्छेद आहे. तोही खराच आहे. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय: ते पैसे मला हवे आहेत, आई. फार नसतील. तरी मला हवे आहेत.